धरायला माणूस

"बाबा, धरायला कोण आहे?" डॉक्टर म्याडमनी विचारलं.

"मीच की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या उजव्या हाताकडं बघितलं. मग टेबलावरच्या कुत्र्याकडं बघितलं. सुई परत ट्रेमध्ये ठेवली.

"एका हातानं नाही जमायचं. दुसरा माणूस घेऊन या."

"दुसरा माणूस न्हाई."

"घरी कोणीच नाही?"

"हे हाय की." मी कुत्र्याकडं बोट केलं.

म्याडमना हसू आलं. पण सुई काही त्यांनी उचलली नाही.

मी नालबंद. म्हणजे बैलांच्या खुरांना लोखंडी नाल मारणारा. ऊस वाहणारे बैल डांबरी रस्त्यावर चालतात. नाल नसला की खूर झिजून बैल लंगडा होतो. काष्टीच्या बाजारात आणि सीझनला कारखान्याच्या गाडीतळावर माझं काम चालायचं. शाळा दुसरीत सुटली, पण माझ्या नालाबद्दल कुणाची तक्रार आली असं झालं नाही.

हे काम दोघांचं असतं. एक जण कासरा घालून बैल पाडतो आणि धरून ठेवतो. दुसरा नाल ठोकतो. माझा धरणारा माझा भाऊ होता. तो वारला. मग मी रोजानं माणसं घेतली. त्यातल्या एकाच्या हातून कासरा सुटला, बैलानं लाथ झाडली आणि माझं कोपर फुटलं. हात वाचला, पण बोटं मिटत नाहीत. हातोडा धरता येत नाही. सिव्हिलचा दाखला मिळाला. आता बँकेत अपंगाचा पगार येतो. कधी वेळेवर येतो, कधी रखडतो. बायको हात मोडायच्या आधीच वारली होती.

कुत्रं गाडीतळावरचं. ऊसतोडीची टोळी गावाकडं निघाली तेव्हा ते मागं राहिलं. माझ्या दारात येऊन बसलं. म्हटलं बसू दे दोन दिवस. म्हणून त्याचं नाव पाव्हणा पडलं. ते काही गेलं नाही.

या पाव्हण्याला लघवीच्या जागी गाठ झाली आणि रक्त ठिबकायला लागलं. सरकारी जनावरांच्या दवाखान्यात केसपेपरला नावालाच पैसे लागतात. औषध बाहेरच्या मेडिकलमधून आणायचं होतं, पण तेही माझ्या पगारात बसत होतं. आठवड्याला एक इंजेक्शन, गाठ जाईपर्यंत. म्याडम म्हणाल्या, गाठ नक्की जाईल. नाही केलं तर कुत्रं जाईल.

अडलं ते धरण्यापाशी.

"हे औषध शिरेतच जायला पाहिजे," म्याडमनी सांगितलं. "थेंबभर जरी बाहेर सांडलं तरी आतलं मांस जळतं. कुत्रं हललं तर पाय जाईल त्याचा. आमचा शिपाई लसीकरणाला गावोगाव फिरतोय. मी एकटी आहे."

हे मला लगेच पटलं. नालाचा खिळा रेषभर आत गेला की बैल कामातून जातो. धरणारा ढिला असला तर चांगल्या कारागिराचंही काही चालत नाही.

मी श्रीगोंद्याला खासगी डॉक्टरकडं गेलो. तिथं धरायला त्यांचीच माणसं होती. पण सगळ्या इंजेक्शनांचा खर्च ऐकला आणि मी कुत्र्याला खाली उतरवलं. डॉक्टरनी माझा हात बघितला होता.

"दिव्यांगाचा दाखला आहे ना? दाखवा, निम्मे करू."

"दाखला माझा हाय," मी म्हणालो. "आजारी कुत्रं हाय."

आणि टमटम धरून परत आलो. वाचणाऱ्यानं याला मूर्खपणा म्हणायचं तर म्हणावं.

मग शेजारच्या वस्तीवर माणूस मागायला गेलो. टेम्पोत कांदा भरणं चाललं होतं. घरचा माणूस म्हणाला, "या नाना, काय काम काढलं?" मी विचारलं, "कांद्याला काय भाव लागला?" त्यानं भाव सांगितला. मी घरी आलो. फरशीवर रक्ताचे ठिपके वाढले होते. ते पुसले.

मंगळवारी परत दवाखान्यात गेलो. आवारात लोखंडी खोडा असतो, म्हणजे जनावर उभं करून अडकवायचा सांगाडा. त्या सांगाड्याशी मी पाव्हण्याला बैलासारखं जखडायला लागलो. एका हातानं आणि दातांनी कासरा ओढत होतो.

म्याडम म्हणाल्या, "बाबा, हा बैल नाही. फास बसेल त्याला."

तिथं एक बाई शेळी घेऊन बसली होती. कोंडाबाई तिचं नाव, हे नंतर कळलं. पन्नाशीची असेल.

"मघाधरनं बगतीया," ती म्हणाली. "दातं पडतील की. काय अडलंय तुमचं?"

"धरायला माणूस न्हाई."

"मलाबी न्हाई. मालक कारखान्यावर वॉचमन, दिवसपाळीला. तुमी माझी शेळी धरा, मी तुमचं कुत्रं धरते."

"मला कुनाचे उपकार नकोत."

"आगं बया! उपकार कोन करतंय? सावड हाय ही."

सावड म्हणजे कामाला काम. आज तुम्ही माझ्या रानात खुरपायला या, उद्या मी तुमच्या रानात येतो. यात पैसे नाहीत आणि उपकारही नाही. सावडीला नाही म्हणायला माझ्यापाशी कारण नव्हतं.

तिच्या शेळीला दगडी झाली होती. म्हणजे कास सुजून दगडासारखी घट्ट झाली होती, शेळी हात लावू देत नव्हती. मी शेळीची मान दोन्ही मांड्यांत धरली आणि डाव्या हातानं जबडा वर केला. शेळी धडपडली आणि थांबली. जनावराचा जोर अंगावर घ्यायची सवय अजून गेली नव्हती.

कुठं शिकलात, असं कोंडाबाईनं विचारलं, तेव्हा मी नालबंद असल्याचं सांगितलं. मग पाव्हणा. तिनं त्याचं डोकं काखेत घेतलं आणि पुढच्या पायाची शीर अंगठ्यानं दाबली.

"हललास तर बग," ती त्याला म्हणाली. "तुज्या मालकाला सांगून नालच ठोकते."

पाव्हणा हलला नाही. सुई शिरेत गेली. "सोडा," म्याडम म्हणाल्या. तिनं अंगठा उचलला. औषध आत गेलं.

पुढच्या मंगळवारी परत तसंच झालं. त्याच्या पुढच्या मंगळवारी म्याडमनी शेळीची कास दाबून बघितली आणि म्हणाल्या, ही आता बरी आहे. पाव्हण्याची गाठ मात्र निम्मीच उतरली होती.

माझा हिशेब सरळ होता. शेळी बरी झाली, सावड संपली. पुढच्या मंगळवारी मी गेलो नाही.

दुपारी मोबाईल वाजला. म्याडम होत्या.

"बाबा, डोस चुकवायचा नसतो. गाठ परत वाढेल."

"धरायला माणूस न्हाई."

"अहो, कोंडाबाई कधीच्या बसल्यात इथं. बोकड घेऊन आल्यात."

मी गेलो. बोकड चांगला तुकतुकीत होता.

"ह्याला काय झालं?"

"जंताचं औषध पाजायचंय."

"ते घरीबी पाजता येतंय."

"माझा हात पोचत न्हाई त्येच्या तोंडाला. धरता का जाऊ माघारी?"

मी धरला. बोकडानं औषध पाण्यासारखं पिऊन टाकलं. म्याडम दुसरीकडं बघत होत्या.

पुढच्या खेपेला खुरं वाढलेली एक म्हातारी शेळी आली. त्यानंतर एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी आली, तिला काय झालंय ते कोंडाबाईलाच सांगता येईना.

"शेळी कुनाची ही?" मी विचारलं.

"गावातली हाय. तुमाला काय करायचंय? मान धरा."

नंबर येईपर्यंत आम्ही बाकावर बसायचो. ती तिच्या सुनेच्या तक्रारी सांगायची. मी बैलांचं सांगायचो. कोणता बैल मारका होता, कोणता पाय स्वतःहून उचलून द्यायचा. "तुमचे बैल माझ्या सुनंपरीस गुनाचे," ती म्हणायची. आठवड्यात मी बोलायचो ते तेवढंच. बाकीचे दिवस कुत्र्याला "चल" आणि "बस" एवढ्यावर भागायचं.

मग एका मंगळवारी म्याडमनी पाव्हण्याला उलटसुलट करून तपासलं. "गेली गाठ. आता यायची गरज नाही."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

कोंडाबाईनं पाव्हण्याच्या पाठीवर थाप मारली. "सुटलास रं." टमटम आली. तिनं शेळी आत ढकलली आणि स्वतः चढली.

"येते नालबंद."

"या," मी म्हणालो.

आणखी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. ते सुचेपर्यंत टमटम फाट्याच्या पुढं गेली.

पुढच्या मंगळवारी मी पाव्हण्याला घेऊन दवाखान्यात गेलो.

"आज काय झालं बाबा?"

"काय न्हाई. एकडाव बगून घ्या."

म्याडमनी बघितलं. "ठणठणीत आहे. केसपेपरही नको." मी बाकावर जाऊन बसलो. पुष्कळ शेळ्या आल्या, दोन म्हशी आल्या. प्रत्येकाबरोबर कुणी ना कुणी होतं. दवाखान्याचं दार लागल्यावर मी उठलो.

अपंगाच्या पगारावर जगणाऱ्यानं जनावर आजारी पडलं तर सरकारी दवाखान्यात जावं. खर्च परवडतो. दाखला कुणी मागत नाही. माणूस मागतात, तेवढा आधी बघून ठेवावा. आणि तो कुठं राहतो, तेही विचारून घ्यावं.