उपकारमावशी

बाळंतिणीच्या पाया पडणारी बाई मी एकच पाहिली. पालममधल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये सव्वा महिन्याची बाळंतीण बाळाला घेऊन उपकारस्तुतीला आली, की तिच्या शेजारी गुडघे टेकायला मावशी असायचीच. म्हणून ती उपकारमावशी. दवाखान्यातली आयाची नोकरी संपली, तरी कुणाला कळा सुरू झाल्या की निरोप तिलाच जाई. मूल रडलं की ती आईच्या पायांवर कपाळ टेकवी आणि म्हणे, “झालीस गं माय!” त्या घडीपासून ती पोर तिच्यासाठी ‘माय’, वयानं नातीएवढी असली तरी.

“आपल्यात माणसाच्या पाया पडत नाहीत, मावशी,” पाळकसाहेब एकदा म्हणाले.

“मी बाईच्या न्हाई, वाटेच्या पाया पडायलेय. देवाला आभाळातून उतरता आलं नसतं का? पर आला कुठून? हितूनच. मरियेला काय कळा आल्या नसतील?”

त्या नाताळात पाळकसाहेबांनी हेच आपलं म्हणून सांगितलं. मावशी पहिल्या बाकावर बसून मान डोलवत होती.

मुलगी झाली म्हणून तोंड फिरवणाऱ्या एका सासूला तिनं विचारलं होतं, “अन् तुमी काय मिशा घेऊन जन्मला होता व्हय?”

मी शिक्षिका. बाळ झाल्यावर रजा जास्त मिळावी, म्हणून नववा लागला तरी राणीसावरगावच्या शाळेत यष्टीनं जात राहिले. सासूबाई नको नको म्हणत होत्या.

मुलगी झाली. रडली नाही.

मावशीनं तिला पुसलं, गुंडाळलं, माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं. मी पांघरुणातून पाय बाहेर काढून ठेवले होते. मावशी कपाळ टेकवील, मग यष्टीचे ते धक्के माझ्या माथी राहणार नाहीत, एवढंच त्या वेळी मला कळत होतं. तिनं पांघरूण माझ्या पायांवर ओढलं.

“पडा जरा, बाई,” म्हणाली आणि गेली.

बाई. शाळेतली पोरं म्हणतात तसं.

पुढं मुलगा झाला तेव्हा ती वाकली. मी पाय ओढून घेतले.

“तेव्हा ती वाट नव्हती का, मावशी?”

“व्हती. भ्याले गं. तुझ्या पाया पडले असते, तर मग देवाला जाब विचारावा लागला असता. माझी छाती झाली न्हाई. आता तरी दे पाय.”

मी दिले नाहीत.

मावशी गेली तेव्हा सगळ्यांनी तिच्या विश्वासाची साक्ष दिली. मी पण मान डोलावली. आज लिहिते: तिनं देवाला सांभाळून घेतलं आणि मला टाकलं. ते मी विसरले नाही. ओढून घेतलेले पायही विसरले नाही.

मागच्या महिन्यात वालूरला माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचं मूल पोटातच गेलं. मी गेले. तिचे पाय पांघरुणात होते. पांघरूण सारून मी कपाळ टेकवलं. पाय गार होते.

ती दचकली. “काय करायलाव, बाई? माझ्याजवळ तर काईच न्हाई.”

“झालीस गं माय,” मी म्हणाले.

मग ती रडली. त्या खोलीत तोवर कुणीच रडलं नव्हतं.