विहिरीची परवानगी

विहिरीचं पाणी मोजायला शिकलो तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, आणि घरात त्याचं कुणालाही कौतुक नव्हतं. टेपच्या टोकाला लोखंडी वजन बांधायचं, हळूहळू खाली सोडायचं आणि वजन पाण्याला टेकल्याचा 'टप्प' आवाज आला की तिथेच टेप चिमटीत धरायची. सगळी मदार कानावर. बायको म्हणायची, "अहो, कोथिंबीर आणा म्हणून सांगितलेलं ऐकू येत नाही, आणि पाताळातला टप्प बरा ऐकू येतो!"

डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या अंगाला, टॉवरांच्या बेचक्यांत जुनी गावं अजून शिल्लक आहेत आणि त्यांच्या विहिरीही. आम्ही सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी त्यांचा नकाशा करायचं ठरवलं. गावातल्याच माणसांनी पाणी मोजून मोबाइलवर पाठवायचं, आणि नकाशा सगळ्यांना खुला ठेवायचा. टंचाईच्या दिवसांत कुठे पाणी आहे ते कळेल. एका संस्थेने पैसे दिले. नकाशावर येईल त्या विहिरीचा गाळही त्यातूनच निघणार होता. कडक अट एकच: ज्याची माहिती, त्याची परवानगी, नाही म्हटलं तर विषय संपला. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवायचो. लोक ताट घेऊन लांब जाऊन बसायचे.

पत्र्याच्या कुंपणामागे एक विहीर होती. तिची राखण करणारी म्हातारी आजी विहिरीच्या काठावरच बसलेली असायची. मी माझं आवडतं वाक्य तिलाही ऐकवलं. तिने ते पंगतीतल्या लोकांपेक्षा फारच मन लावून ऐकलं.

"मना काय इचारतस? पानी माजा हाय का? तिला इचार."

"कुणाला?"

आजीने हनुवटीने विहिरीकडे खूण केली.

मी हसलो. माझी बायको त्या दिवशी हौसेने सोबत आलेली, तीही हसली. आजी हसली नाही. तिने सांगितलं की पलीकडच्या आळीतल्या विहिरीचीही कुणीतरी अशीच नोंद करून नेली होती. "पयले टँकरवाले आले. मंग मोटार आली. मंग वर स्लॅब परला." मग म्हणाली, "पन गाळ त काढाला पायजे रं दादा. पानी वास मारतंय. अजून एक उन्हाला ती काय जगत नाय."

म्हणजे पेच खराच होता. नकाशावर आली तर गाळ निघेल, पण साऱ्या जगाला पत्ता कळेल. नाही आली तर गुपचूप मरेल.

आजीने डोक्यावर पदर घेतला, काठावर हात टेकले आणि आत हाक मारली, "ओ बाय!"

'बाय' असं आतून परत आलं, जरा ओलं होऊन. विहिरीत आवाज घुमतो हे मलाही माहीत होतं. आजीने घरातल्या सुनेचं नाव सांगितलं, तेही परत आलं. काल भाजी काय केली ते सांगितलं, ती भाजीसुद्धा परत आली. बायको माझ्या कानात म्हणाली, "बघा, बायकांचं ऐकून घेतं कुणीतरी."

मग आजीने विचारलं, "बाय, तुजा ठिकाना यांच्या नकाशान देऊ का?"

आतून काहीच आलं नाही.

मी वाकलो. पाणी होतं तिथेच होतं, हिरवट, स्तब्ध. काहीतरी म्हणावं म्हणून मी म्हणालो, "हॅलो." विहिरीला हॅलो म्हणणारा ठाणे जिल्ह्यातला मी पहिलाच असेन. माझा आवाज काठावरून आत गेला आणि गेलाच. कापसात गेल्यासारखा.

"शेवाळ असेल," बायको म्हणाली. पण तिने माझी बाही घट्ट धरली होती.

मी टेप सोडली, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. वजन खाली गेलं. पाण्यावर गोल उठले, पसरले, दगडांना लागले. ते मी डोळ्यांनी पाहिले. टप्प आवाज झाला नाही. कुठे धरायची टेप? पलीकडच्या गल्लीत कुकरची शिट्टी झाली ती मात्र स्वच्छ ऐकू आली.

"नाय म्हनते," आजी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. गाळाची आशा तिलाही होती.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या मॅडमना फोन केला. म्हटलं, एका विहिरीची परवानगी मिळाली नाही.

"मालक नाही म्हणाले का?"

"राखण करणाऱ्या आजीची तयारी होती."

"मग?"

मी जसं झालं तसं सांगितलं. सांगताना आपण किती खुळे वाटतोय ते मला कळत होतं.

"तुम्ही स्वतः होतात तिथे?"

"हो. बायकोही होती. ती माझ्यासारखी नाही."

"मग घालू नका नकाशावर," त्या म्हणाल्या. "परवानगी मागितली म्हणजे नकारही मोजायला हवा. आणि नाही म्हटल्याची शिक्षा म्हणून गाळ अडवायचा, तर ती परवानगी कसली? वरच्यांशी मी बोलते. खर्चाला मंजुरी घेऊ, ठिकाण लिहू नका."

त्या वरच्यांशी काय बोलल्या, ते मी विचारलं नाही. मंजुरी आली.

गाळ काढायला दोन माणसं दोराने आत उतरली, तेव्हा आजीने आम्हाला विहिरीकडे पाठ करून उभं केलं. बायको या वेळी हसली नाही, माझ्या आधी वळली. मागे बादल्या वर येत होत्या, ओतल्या जात होत्या. काळा, गार वास सुटला होता. शेवटी माणसं वर आली, आजीने त्यांना चहा दिला, आणि मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आता इसर."

"प्रयत्न करतो, आजी."

"प्रयत्न नको," ती म्हणाली. "इसर."

परतताना शेअर रिक्षातून उतरलो, तेव्हा भाडं सांगण्यासाठी रिक्षावाल्याने विचारलं, कुठून बसलात? बायकोने पटकन दुसऱ्याच नाक्याचं नाव सांगितलं.