दम्याची तालीम आणि चाचांची हाक

किस्से मी गोळा करत नाही हो, ते आपोआप साचतात. अंबाजोगाईत आमच्या दवाखान्यामागं एक पत्र्याचा हॉल आहे. बिडीनं नाहीतर चुलीच्या धुरानं फुफ्फुसं खराब झालेल्या माणसांकडून मी तिथं व्यायाम करून घेते. दम कमी असलेला माणूस मोजकं बोलत असेल, असं वाटतं ना तुम्हाला? छे! आमची मंडळी श्वास उसना आणतील, पण टोमणा मारल्याशिवाय राहणार नाहीत!

नवीन येणारा प्रत्येकजण एकच प्रश्न विचारतो. "दम लागतोय म्हणून आलो, आन् तुमी आणिक दम लागायची कामं सांगता व्हय?" मी सांगते, बाबांनो, फुफ्फुस काही नवं मिळत नाही. पण हातपाय तयार केले, तर आहे त्याच श्वासात जास्त काम होतं. पटत कुणालाच नाही. करतात मात्र सगळे, कारण मी ऐकून घेत नाही!

*

घाटनांदूरचे नाना म्हणजे जुने पैलवान. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "नाना, हात न टेकता खुर्चीतून उठायचं, परत बसायचं."

नाना हसले. "म्याडम, आमी तालमीत बैठका मारून जमीन खचवलीय. हे तर लेकराचं काम हाय!"

जरा वेळानं नाना खुर्चीची पाठ धरून उभे. छाती भात्यासारखी हलतेय, तोंडातून शब्द फुटेना. "काय झालं पैलवान?" मी विचारलं.

दम परत आल्यावर नाना म्हणाले, "खुर्चीनं चितपट केलं की वो!"

तेव्हापासून आमच्या हॉलचं नाव पडलं दम्याची तालीम, आणि मी झाले वस्तादबाई.

*

आमच्या तालमीतला मुख्य डाव म्हणजे फुंकर. नाकानं श्वास घ्यायचा आणि बशीतल्या गरम चहावर फुंकर मारावी तसा, ओठांचा चंबू करून, सावकाश सोडायचा. धापा लागलेल्या माणसाला त्यानं लई आराम पडतो.

नेकनूरच्या कौसाबाईंना हा डाव दाखवला, तर त्या भडकल्याच. "उभा जन्म चुलीपुढं फुंकर मारण्यात गेला. त्यानंच छातीचं खोकं झालं, आन् औषध बी तेच व्हय?"

पण शिकल्या. काही आठवड्यांनी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "बाई, माज्या सुनेला सांगू नका."

"काय सांगू नको?"

"मला बरं वाटतंय म्हणून! आत्ता कुठं पाणी भराया लागलीय ती."

त्याच आठवड्यात सुनेचा फोन. "मॅडम, घरात कुणी नसलं की सासूबाई जिना चढतात-उतरतात. मी शेजारणीच्या खिडकीतून बघते. पण तुम्ही त्यांना सांगू नका बरं का!" मी दोघींनाही "बरं" म्हटलं.

*

हातांच्या व्यायामाला अर्धा किलोचं वजन लागतं. मी सांगितलं, "उद्या येताना अर्ध्या किलोचं काहीतरी आणा." मला म्हणायची होती पाण्याची बाटली. दुसऱ्या दिवशी कुणी गूळ आणला, कुणी तूरडाळ. आणि नानांनी समोरच्या किराणा दुकानातलं तराजूचं मापच उचलून आणलं!

मागोमाग दुकानदार पळत दारात. "नाना... माप... गिऱ्हाईक..." पुढं त्याला बोलवेना. पोट सुटलेलं, चेहरा लाल.

नानांनी शांतपणे खुर्ची पुढं सरकवली. "बस. आधी फुंकर मार. वस्तादबाई, नवीन पोरगं आलंय!"

*

एक पुढारीही आमच्याकडं यायचे. नाव नको, भागात सगळे साहेब म्हणतात. त्यांचं दुखणं एकच, भाषण पुरं होत नव्हतं. मी म्हटलं, "साहेब, एक वाक्य, एक फुंकर. मग पुढचं वाक्य."

सभेत साहेब उठले. "माझ्या बंधू आणि भगिनींनो... फूऽऽ! आपल्या भागाचा विकास... फूऽऽ! झालाच पायजे... फूऽऽ!"

स्पीकरवाला धावत स्टेजवर चढला आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असा बोलला, "साहेब, माईक चालू हाय! किती येळ टेस्टिंग करता?"

साहेबांनी दुसऱ्या दिवशी पेढे आणले. भाषण शेवटापर्यंत गेलं होतं ना!

*

पण आमच्या तालमीतली खरी कुस्ती हमीदचाचांची. चाचांचा बाजारात फळांचा गाडा. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं आली की त्यांची हाक पार चौकापर्यंत जायची. "बालाघाऽऽट का सीताफऽऽल! शक्कर का बाऽऽप!" मग बिडीनं छाती खाल्ली आणि हाक घशातच राहायला लागली.

त्यांच्या पोरानं, सलीमनं, मोबाईलमधली चाचांचीच जुनी हाक भरून गाड्याला भोंगा लावला. "अब्बा, आवाज मशीन देती, माल मैं देता. आप घर बैठो."

चाचा माझ्यापुढं बसले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "मॅडम, जवान हमीद डब्बे में से चिल्लाता, और बुढ्ढा हमीद खड़े होके सुनता. मैं जिंदा हूँ ना अभी! सीजन के पहले मेरी हाक मेरेकू वापस दो."

मी म्हटलं, "देते!"

चाचांनी बिडी सोडली, चालले, वजनं उचलली, नानांशी पैजा लावल्या. सगळं रुळावर आलं आणि पावसाळ्यात छातीत कफ झाला. तालीम सुटली. परत आले ते पहिल्यापेक्षा वाईट अवस्थेत, सलीमचा हात धरून. सलीम म्हणाला, "मॅडम, रहने दो अब. घर में आराम करते."

मी काही बोलायच्या आत कौसाबाई कडाडल्या. "बापाला घरी बसवून लसूण सोलायला लावणार हायेस का रे?"

सलीमनं बापाला खुर्चीत बसवलं. आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी चाचांना म्हटलं, "हाक तोडून मारा. बालाघाट का, फुंकर, सीताफल."

"तोड के? नक्को! टूटी हाक पे गिऱ्हाईक नहीं रुकता!"

मीही हट्टी, तेही हट्टी. शेवटी तडजोड झाली. पहिली ओळ अख्खी, मग एकच फुंकर, मग दुसरी ओळ.

*

सीताफळं बाजारात आली. नाना, कौसाबाई आणि मी पायी निघालो. तेवढाच त्यांचा व्यायाम! चौकात पोचलो आणि लांबून आवाज आला.

"बालाघाऽऽट का सीताफऽऽल!"

खणखणीत. एका दमात, कुठं तुटलेली नाही. माझे पाय जागेवर थांबले.

नाना खाली बघून म्हणाले, "पोरानं डबाच लावला की शेवटी."

कौसाबाईंनी माझा दंड धरला. "चला बाई माघारी. त्याला आपलं तोंड दाखवू नका आज." मला रडूच यायला लागलं.

तेवढ्यात तिकडून आलं, "फूऽऽऽ!"

आणि मग, "शक्कर का बाऽऽप!"

आम्ही तिघंही गर्दीतून निघालो, ते धापा टाकतच गाड्यापाशी पोचलो. चाचा एक हात गाड्यावर टेकवून उभे, ओठांचा चंबू. भोंगा जमिनीवर पालथा, त्यावर सलीम बसलेला, बापाकडं बघत.

सीताफळं चाचपणारं एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "चाचा, फुंकर कावून मारताय? सीताफळ गरम हाय का?"

चाचांनी घाई केली नाही. श्वास शेवटपर्यंत सोडला, आमच्याकडं पाहिलं आणि म्हणाले,

"सीताफल ठंडा है बे. गरम तो चाचा है!"