चौदाव्या पायरीचा पढीक

दादाची ताकद किती, हे मास्तरांनी ग्राफपेपरवर रंगीत पेनांनी काढून दाखवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दादा माझा सख्खा मोठा भाऊ. सव्वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या त्याने. दिवसा दुसऱ्याच्या हाताखाली मोटारी पुसायच्या आणि संध्याकाळी वर्गात बसून विजेचं शिकायचं, असं करत तो मेकॅनिक झाला. त्याच्याकडे एक काळी डायरी आहे. कुठली लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर अर्धा इंच वर थांबते, कुठल्या दाराला डावीकडून धक्का द्यावा लागतो, सगळं तिच्यात. तशीच दुसरी डायरी त्याच्या जादूगाराची.

हो, जादूगाराची. सायकलच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी वयाने घोडे झालेली चार माणसं कागद, पेन्सिली आणि वीस बाजूंचे फासे घेऊन बसतात आणि एका काल्पनिक मुलुखात हिंडतात. शाळेत गणित शिकवणारे मास्तर सूत्रधार. वाटेत काय लागतं ते त्यांनी सांगायचं, आपण काय करतो ते बाकीच्यांनी. सलूनवाला, नर्सबाई आणि दादा, तिघंही जादू करणारे, पण जादूच्या तऱ्हा तीन. नर्सबाई पुजारीण, तिला देव देतो. सलूनवाला जन्मजात जादूगार. मंत्र मोजकेच, पण रक्तातले. हवा तेव्हा हवा तसा पिळून वापरतो. आणि दादा पढीक, म्हणजे पुस्तकातून शिकलेला. सापडेल तो मंत्र डायरीत उतरवून घ्यायचा आणि खेळाआधी आजचे मंत्र चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी फाशांच्या वाटीखाली ठेवायची. चिठ्ठीत नसलेला मंत्र त्या दिवशी नाही म्हणजे नाही. एकोणीस वर्षांत दादाचा पढीक पहिल्या पायरीवरून चौदाव्या पायरीला पोचला होता.

मागच्या वर्षी दादाला झटका आला. उजवा हात गेला, तो निम्मा परत आला. बोलणं मात्र अडकलं. डॉक्टर म्हणाले, ह्यांना समजतं सगळं, शब्दही शाबूत आहेत, फक्त तोंडाला ते जुळवायला वेळ लागतो. तेवढा वेळ द्या. एक ‘नाही’ तेवढा ठणठणीत राहिला. कंपनीने त्याला टेबलामागे बसवलं. जिना चढायला सोबत म्हणून मी रविवारी जाऊ लागले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसू लागले.

आता अडचण अशी, की मंत्र मोठ्याने म्हणावा लागतो, आणि तोही टेबलावरच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपायच्या आत. ज्याचा मंत्र त्यानेच म्हणायचा. हे दोन्ही नियम दादानेच केलेले, कारण सलूनवाला एकेका मंत्राला अर्धा तास भाषण द्यायचा आणि दुसऱ्यांचे मंत्रही स्वतःच म्हणून टाकायचा. शिवाय मास्तरांनी सगळ्या मंत्रांना घडवून घडवून जड नावं दिलेली. आगीचा गोळा फेकायचा तर अग्निगोलक काय, पडणाऱ्याला अलगद उतरवायचं तर मंदपतन काय! धडधाकट माणसाची जीभ अडखळेल.

तर तो ग्राफ. जन्मजाताचा खांब पार वरच्या रेघेला टेकलेला. पढीक त्याच्या खांद्याशी, पुजारीण कमरेशी.

“दादा, बघा,” मास्तर म्हणाले, “जन्मजात तुमच्या पढीकापेक्षा वरचढच आहे. तुम्ही जन्मजात व्हा. पायरी चौदावीच ठेवू. मंत्र थोडे, नावं सोपी करून देतो.”

“मजा येईल दादा, आपण दोघं एका जातीचे!” सलूनवाला म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

“हे मोजलंय काय नक्की?” मी स्टुलावरून विचारलं.

“एका फेरीत शत्रूला किती भाजता येतं ते.”

“आणि बंद दार उघडणं? परकी भाषा समजणं? पाण्याखाली श्वास घेणं? त्याचा खांब कुठाय?”

“ते मोजायला अवघड असतं हो.”

म्हणजे ह्यांना मोजता येत नाही, म्हणून ते नाहीच! अहो, लिफ्टवाल्याची ताकद काय तो रोज किती लिफ्ट जाळतो त्यावर ठरवणार का? मला इतका संताप आला, की मी त्या कागदावर चहा सांडला. चुकून नाही. दादा मात्र चिडला नाही. त्याने डाव्या हाताने, सावकाश, एका चिठ्ठीवर लिहिलं आणि ती मास्तरांपुढे सरकवली. ‘जन्मजाताला जे येतं तेच येतं. पढीकाला जे येत नाही ते शिकता येतं.’

मास्तरांनी ती दोनदा वाचली. मग ठरलं असं, की पुढच्या रविवारी दादाने एक तरी मंत्र वेळेत म्हणून दाखवायचा. जमलं तर पढीक. नाही तर जन्मजात. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे मी त्या स्टुलावर बसल्या बसल्या पाहिलं. आठवडाभर मी दोघातिघांना पुरेल इतकी चिडचिड केली आणि दादा न्हाणीघराचं दार लावून आत पुटपुटत राहिला.

रविवारी चिठ्ठी वाटीखाली गेली. मास्तरांनी तिघांना एका खोल विहिरीत दगडी पाळण्यातून उतरवलं आणि मध्यावर साखळी तोडली. लिफ्टवाल्याला लिफ्टमधून पाडायचं! वर चेहरा असा, की मुद्दाम आवडीचं दिलंय. सलूनवाल्याने खाली आग फेकली. पडणाऱ्याला आगीचा काय उपयोग? नर्सबाई म्हणाली, “मी जखमा बऱ्या करीन, पण आपटल्यावर.” सगळे दादाकडे बघू लागले. मास्तरांनी घड्याळ उलटं केलं.

“मं…” दादा म्हणाला.

वाळू पडत होती. त्याचा ओठ थरथरला, मानेची शीर फुगली. “मं… मं…”

मी कपडे धुण्याच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाईक ‘हा डाग’ म्हणेपर्यंत मी ‘शाईचा ना, गुरुवारी या’ म्हणून पावती फाडते. दिवसभर लोकांची वाक्यं पुरी करणं हे माझं काम. घरीही मी तेच करत होते, हे मला त्या दिवसापर्यंत दिसलं नव्हतं. दादाने ‘पा’ म्हटलं की पाण्याचा पेला. दुकानदाराने त्याला विचारलं की उत्तर माझं.

“मंद…” दादा म्हणाला.

“मंदपतन!” मी ओरडले.

खोलीत सगळे सुटल्यासारखे हसले. “झालं, झालं! धरू या,” मास्तर म्हणाले. “वाळूही बाकी आहे.”

खरंच बाकी होती. चांगली तिसरा हिस्सा. मी बघितलं. त्याने तो मंत्र पुरा म्हटला असता.

“नाही,” दादा म्हणाला.

“अहो दादा, एवढं काय—”

“नाही!” त्याने टेबलावर हात आपटला, फासे उडाले. माझ्याकडे त्याने असं पाहिलं, जसं आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ज्याचा मंत्र त्यानेच म्हणायचा. उरलेली वाळू त्याने तोंड मिटून संपू दिली.

पाळणा आपटला. सलूनवाला आणि पुजारीण कशीबशी वाचली. पढीकाच्या अंगात जीव तो किती! एकोणीस वर्षांचा जादूगार विहिरीच्या तळाशी मेला. नर्सबाईने डोळे पुसले. मी कुणाला बोल लावणार? आठवडाभर ज्यांच्या नावाने बोटं मोडली, त्यांनी तर त्याला पुरी वाळू दिली होती. ती मीच हिसकावली.

मास्तरांनी चौदाव्या पायरीचा जन्मजात तयारच आणला होता. त्यांनी तो कागद हळूच पुढे केला. दादाने तो परत सरकवला. मेलेल्याच्या जागी नवा कोण आणायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं, पण पहिल्या पायरीपासून, असा तिथला जुना नियम. दादाने कोरा कागद ओढला आणि डाव्या हाताने लिहिलं: पढीक. पायरी पहिली. मंत्र एक.

घरी जाताना तो ‘पा’ म्हणाला. मी रस्त्यात उभी राहिले, ओठ दाबून. “…य,” तो म्हणाला, “दुखतो.” मी वर्षभर त्याला पाणीच पाजत होते.

पुढच्या रविवारी नव्या पढीकाच्या वाटेत पहिल्याच वळणावर एक साधा भुरटा चोर उभा राहिला. मास्तरांनी घड्याळ उलटं केलं. मी माझ्या स्टुलावर पदराचा बोळा तोंडात धरून बसले होते, अगदी खरोखरचा.

“मं…द…” दादा म्हणाला. कुणी हललं नाही. “प…” सलूनवाल्यानेसुद्धा जीभ आवरली. “…तन.”

“दादा,” मास्तर हळूच म्हणाले, “इथे कोणी पडत नाहीये. मंत्र वाया गेला.”

“मा…हीत आहे,” दादा म्हणाला, आणि वाळूकडे बोट दाखवलं. ती अजून बाकी होती.