तीन नव्व्या आणि अकरा महिन्यांचं भाडं

नवऱ्याला मी चारचौघांत अहो म्हणते, पण इथे लिहिताना तो म्हणणार आहे. एवढी सूट मला हवी.

चांगली पानं आली की तो फार सभ्य व्हायचा. एरवी फोनवर पोकर खेळताना त्याच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. समोरच्या न दिसणाऱ्या माणसांना शिव्या, नेटवर्कला शिव्या, वरच्या पंख्यालाही शिव्या. पान चांगलं आलं की एकदम गप्प, पाठ ताठ, आणि मला म्हणायचा, चहा टाकतेस का, नको, राहू दे, तू बस. बस म्हणजे बस आणि बघ. दादरच्या दुकानातून माझ्याकडे फॉल-बिडिंगच्या साड्या यायच्या, त्या घेऊन मी शेजारीच बसलेली असायचे. सुई टोचून ठेवून त्याच्या स्क्रीनवर डोकवायचे.

हे सगळं शीव कोळीवाड्यातल्या भाड्याच्या खोलीत, भर दुपारी. त्याची शिवडीच्या गोदामात सकाळची पाळी असायची आणि मुलगी शाळेत. भोईवाड्यातली आमची चाळ नव्या इमारतीसाठी पाडली होती. टॉवर उभा राहीपर्यंत बाहेर राहायचं आणि त्यासाठी बिल्डर दर वेळी अकरा महिन्यांचं भाडं एकदम चेकने देणार, असा करार. जन्मभर महिन्याच्या महिन्याला जगलेल्या माणसांच्या खात्यात अकरा महिने एकदम येऊन पडले. कुणी फ्रीज घेतला, कुणी गावच्या घरावर पत्रे घातले, भाड्याचं काय, ते भरू हळूहळू. शहाणे होते ते बदलापूरला गेले आणि स्वस्तात राहून उरलेलं बाजूला टाकायला लागले. आम्ही गेलो नाही, कारण मुलगी नववीत होती आणि शाळा परळला. त्या चेकवर आमचं इथलं राहणं होतं, दुसरा आधार नव्हता. चेक बँकेत होता, बँक फोनमध्ये होती आणि पोकरही फोनमध्येच.

पोकर मला त्यानेच शिकवलं. हातात दोन पानं, ती फक्त आपल्याला दिसतात. मध्ये पाच पानं सगळ्यांची, आधी तीन उघडतात, मग एक, मग शेवटचं. दर वेळी पैसे लावायचे, नाहीतर पानं टाकून द्यायची. वाईट पानांचा त्रास नसतो, टाकली की सुटलो. सगळा घोळ चांगल्या पानांचा. थोडे लावले तर लोक मागे मागे येतात आणि त्यातल्या एखाद्याला पुढचं पान असं लागतं की आपलं कमी पडतं. जास्त लावले तर सगळे पळतात, आणि एवढी चांगली पानं घेऊन आपल्या पदरात चणेफुटाणे.

मी मेंढीकोट खेळत वाढलेली. गावी ओटीवर गौरी जागवताना बायकांत माझी जोडीदार व्हायला भांडणं व्हायची, कारण मी हुकूम शेवटपर्यंत दाबून ठेवायचे. मेंढीकोटात ते चालतं. तिथे डाव मोडेपर्यंत कुणाला उठता येत नाही, पान टाकावंच लागतं. पोकरमध्ये समोरचा हवा तेव्हा उठून जातो आणि नको तेव्हा बसून राहतो, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. त्याच्याही नाही, तोही तसल्याच ओटीवर पत्ते शिकलेला.

आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी मला आवडायच्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, भिंतीला कुठला रंग द्यायचा हेही त्याने मला कधी विचारलं नव्हतं. आता मात्र दर चांगल्या पानाला विचारायचा, आणि मी सांगितलेलं ऐकायचाही. रकमा लहान होत्या तोवर मी स्वतःला सांगत होते की दारू नाही, बाई नाही, घरात डोळ्यांसमोर बसलाय. नवऱ्याबरोबर एका फोनमध्ये डोकं घालून बसण्यात सुख होतं आणि ते मी घेतलं.

त्या दिवशी त्याच्या हातात दोन नव्व्या होत्या. मध्ये उघडली नव्वी, राणी, पंजी. तीन नव्व्या झाल्या. तो गप्प झाला, पाठ ताठ झाली. टेबलावर आधीच नेहमीपेक्षा बरेच पैसे पडलेले होते.

"किती लावू गो?"

"थोडेच लावा. जास्त बघून पळतील."

त्याने थोडेच लावले. दोघं राहिले. पुढचं पान राणी. आता तीन नव्व्या, दोन राण्या, म्हणजे फुल हाऊस, असं पान रोज रोज येत नाही. त्याने जरा जास्त लावले, एक गेला, एक राहिला. शेवटचं पान दुर्री. दुर्रीने कुणाचं काय भलं होणार, असं मी म्हणालेसुद्धा. मग त्याने खात्यातलं जेवढं ॲपवर आणलं होतं तेवढं सगळं पुढे सरकवलं, आणि समोरच्याने क्षणात हो म्हटलं. त्याच्याकडे राणी आणि दुर्री होती. तीन राण्या, दोन दुर्र्या. आमच्यापेक्षा मोठं फुल हाऊस. अशी पानं घेऊन मुळात कुणी बसत नाही. पहिल्यांदाच जोरात लावले असते तर तो उठून गेला असता, स्वस्तात पुढचं पान बघायला मिळालं म्हणून बसला. नवरा मला एका शब्दाने बोलला नाही. मी सुई उचलली आणि फॉल उलटा लावत गेले, संध्याकाळी सगळा उसवावा लागला.

त्यानंतर त्याने मला विचारणं बंद केलं. धडा घेतला होता ना. आता चांगलं पान आलं की पहिल्याच झटक्यात एवढे लावायचा की टेबल रिकामं. जिंकायचा, पण काय जिंकायचा? आणि मग वाईट पानांवर ते भरून काढायला जायचा. मी लांबून बघत होते. त्याची पाठ आता कधीच ताठ दिसत नव्हती.

खात्याची खबर मला घरमालकिणीकडून लागली. कोळीण, बाजारात स्वतः मासळी घेऊन बसणारी. एका सकाळी येऊन मूठभर बोंबील दिले, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली, आणि जाता जाता दारात म्हणाली की भाडं दोन महिने आलेलं नाही, तुझ्या नवऱ्याला आठवण कर. बोंबील आधी दिले म्हणून मला जास्त लाज वाटली.

मग सरकारचा कायदा आला, पैशांचे खेळ बंद झाले. ॲपने उरलेली रक्कम खात्यात परत केली, ती बघून मला हसू आलं. वाटलं, सुटलो. महिन्याच्या आत तो कुणा एजंटच्या ग्रुपवरून कुठल्यातरी बाहेरच्या साईटवर खेळत होता, तोंडातून एक शिवीही न काढता.

तेव्हा मी ठरवलं. माझी बाजू भक्कम होती, सगळं माझ्याकडे होतं, मुलगी, माहेर, सासरची माणसंसुद्धा. थोडं थोडं बोलायचं की एकदाच, यावर मी बरेच दिवस घालवले. थोडं बोलले तर तो हो हो करेल आणि पुढे खेळत राहील, अशी भीती. म्हणून एका रविवारी सकाळी गिरगावातल्या भावाला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोर एका दमात सगळं मांडलं. खातं माझ्या नावावर, पुढचा भाड्याचा चेक माझ्या नावाने, फोन माझ्या ताब्यात, नाहीतर मी मुलीला घेऊन गिरगावला चालले. भांडायची सगळी तयारी होती माझी. तो म्हणाला असता खातं दोघांचं ठेवू, मी जरा ताणून मान्य केलं असतं. म्हणाला असता साधा फोन तरी दे, मी तोही दिला असता. भांडला असता, रडला असता, भावाला नाक खुपसू नको म्हणाला असता, तरी चाललं असतं. कुठल्या गोष्टीवर किती मागे यायचं हेसुद्धा मी मनात ठरवून ठेवलं होतं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला, आणि फोन माझ्या हातात दिला.

बस, एवढंच. भाऊ आला तसा चहा पिऊन गेला. सोमवारी नवऱ्याने बँकेत सह्या केल्या, बिल्डरच्या ऑफिसात पत्र दिलं. त्याच आठवड्यात जरा गावी जाऊन येतो म्हणाला. जाताना मुलीला शाळेत सोडलं, मला विचारून एक पिशवी घेतली. गोदामाची नोकरी सोडल्याचं मला नंतर तिथल्या एका माणसाने सांगितलं.

पुढचा चेक आलाच नाही. भोईवाड्यात पाया खणून ठेवलाय, त्यात पाणी साचलंय, आणि बिल्डर चाळकऱ्यांच्या मीटिंगला वकील पाठवतो. कोळीवाड्यातली खोली सोडावी लागली. आम्ही दोघी गिरगावात भावाच्या पोटमाळ्यावर आहोत, जिथे उभं राहिलं की डोकं तुळईला लागतं. मुलीची शाळा लांब पडते, ती पहाटे स्वतःच उठून निघते, आणि ते मला सोसत नाही. वहिनी चांगली आहे. चांगल्या माणसांच्या घरात जास्त जपून राहावं लागतं.

तो गावी स्वतःच्या भावाच्या आंब्याच्या कलमांचं बघतो. त्याच भावाच्या फोनवरून मुलीशी बोलतो, माझ्याशी पावसापाण्याचं. वर्ष होत आलं तेव्हा मी एकदा न राहवून म्हटलं, या आता, इथे काहीतरी काम बघू, फोन घ्या तुमचा, खातंही परत तुमच्या नावावर करू. भीक मागितल्यासारखं झालं तरी मी बोलले. पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. गावी राहून त्याची बोली पुन्हा जड झाली आहे.

"येवन काय करू गो? सगळा तुझ्याकडेच आसा आता."

चिडून म्हणाला असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याने ते समजूत घातल्यासारखं म्हटलं. मी फोन मुलीकडे दिला आणि खाली जाऊन वहिनीचे तांदूळ निवडायला बसले.