अर्जनवीस

गोंदियाच्या कचेरीसमोर तो लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. शेजारी बसून मी स्टॅम्प विकायचो. प्रत्येक वाक्य कागदावर उतरवण्याआधी तो मोठ्याने म्हणून पाही, त्यामुळे सगळ्यांची गाऱ्हाणी मला पाठ असत.

इंग्रज जाणार हे नक्की झालं, तसे आजवर साहेबापुढे वाकणारे जमीनदार मिळेल ते बळकावू लागले. फाल्गुनात जंगलपट्टीतला एक जमीनदार आला.

"लिही, मोहाची झाडं आमचीच होत. गाववाल्यायचा हक्क नाही."

अर्जनवीसाने वाक्य म्हटलं आणि टाक खाली ठेवला. "हे माह्या हातून होत नाही, मालक."

"काऊन?"

"इंग्रज जाऊन राहिला, तं जंगल तुमचं कायले होईन?"

जमीनदार तणतणत गेला. आता याचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण दुसऱ्याच दिवशी अर्जनवीस त्या जमीनदाराच्या गावी गेला, घरोघरचे अंगठे घेऊन आला आणि गावाच्या हक्काचा अर्ज त्याने कचेरीत दिला. साहेबाने चौकशी लावली, तसा जमीनदार गप्प बसला.

चैत्रात त्या गावची एक गोंड म्हातारी पायपीट करत आली. "मोहफुलं वेचून राहिलो बाबू," ती म्हणाली, "कोणी अडवलं नाही."

त्याने उठून तिला आपल्या जागेवर बसवलं.