छत्तीसच्या रोलवर एकेचाळीस फोटो

कसं सांगू तुम्हाला काय झालं ते! आधी चहा घ्या. ऐकल्यावर घशाखाली उतरायचा नाही.

माझ्याकडे एक जुना रोलचा कॅमेरा आहे. बॅटरी नाही, स्क्रीन नाही, नुसतं लोखंड आणि काच. "नवे कॅमेरे दोन वर्षांत राम म्हणतात, हा बघा!" हे मी हजार वेळा तरी ऐकवलं असेल. आता मी कॅमेऱ्याचं नाव काढलं की बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

तर परतूरला सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. लग्नातला एकही फोटो नाही, कारण सासरे फोटो म्हटलं की पळत सुटणारे. जोडीनं एक तरी फोटो असावा, एवढीच सासूबाईंची इच्छा. यंदा कसंबसं त्यांनी सासऱ्यांना फेटा बांधून खुर्चीवर बसवलं.

माझा मेहुणा प्रशांत आपला नवाकोरा डिजिटल कॅमेरा काढतो, तर बॅटरी खलास! मला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या.

"ठेव ते खेळणं! आणि सगळ्यांनी मोबाईल या पिशवीत टाका. आज फोटो फक्त याच्यावर!"

आता जावयाला नाही कोण म्हणणार? सगळ्यांनी मुकाट्यानं मोबाईल टाकले. सासूबाईंनी पिशवी कपाटात ठेवून वर कुलूप लावलं!

मी रोल भरला. प्रशांत हळूच म्हणाला, "दाजी, टोक त्या चाकात बराबर अडकलं ना? एकदा बघून घ्या."

"अरे, तू जन्मायच्या आधीपासून रोल भरतोय मी!" आणि झाकण खट्कन बंद.

मग काय! खटॅक, खटॅक. सासरे-सासूबाई बसलेले, उभे, पेढा भरवताना. आकडा छत्तीसवर गेला तरी कॅमेरा थांबेना. सदतीस. अडतीस...

"बघा! छत्तीसचा रोल आणि एकेचाळीस फोटो! देईल का तुमचा नवा कॅमेरा?"

"न्हाई देणार," प्रशांत म्हणाला. तो माझ्याकडे असा का बघतोय, ते तेव्हा कळलं नाही.

रोल उलटा गुंडाळायला गेलो तर दोनच गिरक्यांत काम फत्ते! काय ती जुनी बनावट! सासऱ्यांनी फेटा उतरवला. "झालं बाबा. आता पुन्हा बिलकुल बसणार न्हाई."

रोल धुवायला बाहेरगावी पाठवावा लागतो. आठवड्यानं लॅबवाल्याचा फोन आला.

"साहेब, रोल कोरा आहे."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे कोरा! टोक अडकलंच नव्हतं. रोल जागेवर, आणि तुम्ही नुसता खटका ओढत राहिलात."

"कॅमेरा बिघडला की काय हो?"

"कॅमेऱ्याला काय होतंय? भरणाऱ्याचं बघा!"

मी फोन ठेवला. एकेचाळीस फोटो, आणि एकही नाही?

परतूरला जाऊन सांगावंच लागलं. सासूबाई मट्कन खाली बसल्या. "एक बी न्हाई?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

सासऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि काय आश्चर्य, स्वतःच उठले! "प्रशांत, फेटा आण. अन् मोबाईल काढ."

मी सवयीनं पुढे झालो, "प्रशांत, मोबाईल जरा आडवा..."

"जावईबापू!" सासूबाई कडाडल्या. "तुम्ही इकडं या, आमच्या मागं उभं राहा. तिकडं राह्यले तर पुन्हा कशाला तरी हात लावताल. अन् हात जोडून ठेवा, सोडू नका!"

पन्नास वर्षांनी निघालेला तो जोडीचा पहिला फोटो आता त्यांच्या बैठकीत लावलाय. मागं मधोमध मी, हात जोडून.

परवा एक पाहुणे म्हणाले, "जावई लई धार्मिक दिसून राह्यले!"

सासूबाई म्हणाल्या, "न्हाई हो. बंदोबस्तात ठेवलेत."